तुमचे प्रश्न : ग्रीन टीने कॅन्सर टळतो का?

मागच्या अंकात अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की ग्रीन टीने कॅन्सर टळतो हे अजून कुणाला ठामपणे दाखवता आलेलं नाही. बाकी अख्ख्या लेखावर आली नाहीत एवढी पत्रं त्या एका ओळीवर आली. काही रागावलेली, काही घाबरलेली, आणि बरीचशी "मग प्यायचा का नाही ते एकदाचं सांगून टाका" या सुरातली. म्हणून या वेळचं सदर फक्त ग्रीन टीचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी घरच्यांचे रिपोर्टही सविस्तर लिहून पाठवलेत.

प्रश्न : ताई, माझ्या आईला ४८व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला. मी आता ४१ची आहे. गेली तीन वर्षं मी रोज पाच कप ग्रीन टी पिते, न चुकता, कारण सगळीकडे वाचलंय की त्याने कॅन्सर होत नाही. तुमची ओळ वाचली आणि पोटात गोळाच आला. तीन वर्षं मी काय उगाच पीत होते का?

उत्तर : उगाच नाही हो, चहा प्यायलात, चांगलं पेय आहे, पाच कपांनी तुमचं काही बिघडलेलंही नसणार. पण ज्या कारणासाठी पीत होतात त्याचा पुरावा किती आहे ते नीट सांगते, जरा लांबेल, धीर धरा.

ही सगळी गोष्ट सुरू होते जपानमध्ये. १९८७ साली हिरोता फुजिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्रीन टीमधलं ईजीसीजी नावाचं द्रव्य उंदराच्या कातडीवर लावलं तर तिथे केमिकलने मुद्दाम वाढवलेल्या गाठी कमी होतात. ईजीसीजी म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, नाव विसरलात तरी चालेल, ग्रीन टीमध्ये कॅटेचिन नावाची जी द्रव्यं असतात त्यातलं हे सगळ्यात जास्त असणारं. मग त्याच मंडळींनी सैतामा भागातल्या एका गावातल्या चाळिशीच्या पुढच्या ८,५५२ लोकांच्या सवयी लिहून घेतल्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि दिवसाला १० कप किंवा जास्त पिणाऱ्यांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, कॅन्सर उशिरा दिसला असं त्यांनी मांडलं. हे कप लहान असतात, साधारण १२० मिलीचे, पण तरी १० कप म्हणजे सव्वा लिटर झाला. तुम्ही जे "सगळीकडे" वाचलंय ना, त्यातलं बरंचसं फिरून फिरून इथेच येऊन पोचतं.

पण पुढचं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. २००१ साली जपानमधल्याच मियागी भागातल्या २६,३११ लोकांचा अभ्यास आला, पोटाच्या म्हणजे जठराच्या कॅन्सरबद्दल, आणि ग्रीन टी जास्त पिणाऱ्यांना फायदा झाल्याचं त्यात दिसलं नाही. २००६ साली ओसाकी इथल्या ४०,५३० लोकांचा अभ्यास आला, ११ वर्षं पाठपुरावा केलेला, त्यात ग्रीन टी पिणारे एकंदरीत कमी दगावले, हृदयविकार आणि पक्षाघाताने दगावण्याचं प्रमाण कमी होतं, पण कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फरक नव्हता. हा निकाल मला फार बोलका वाटतो, कारण देश तोच, चहा तोच, माणसं भरपूर, आणि हृदयाचा फायदा दिसण्याइतका अभ्यास बारीक होता, तरी कॅन्सरच्या रकान्यात काहीच हललं नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. शांघायमध्ये जवळपास ७० हजार बायकांच्या अभ्यासात नियमित ग्रीन टी पिणाऱ्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी झालेला दिसला. त्या बायकांमध्ये सिगारेट ओढणाऱ्या आणि दारू पिणाऱ्या फारच थोड्या होत्या, त्यामुळे चित्र जरा स्वच्छ होतं. म्हणजे असे आशेचे ठिपके अधूनमधून दिसतात. पण ठिपके जोडायला गेलं की रेघ येत नाही. २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेने आतापर्यंतचे १४२ अभ्यास, मिळून ११ लाखांच्या आसपास माणसं, एकत्र करून तपासली आणि निष्कर्ष काढला की पुरावा विसंगत आहे, एक म्हणतो हो, दुसरा म्हणतो नाही. त्यातले प्रत्यक्ष प्रयोग, म्हणजे काहींना ग्रीन टीचा अर्क दिला आणि काहींना बनावट गोळी दिली असे, फक्त ११ होते. बाकी सगळी निरीक्षणं.

आणि निरीक्षणात एक मोठी गोची असते. रोज ग्रीन टी पिणारा माणूस बाकी काय काय करतो? चालायला जातो का, वजन आटोक्यात आहे का, दारू कमी घेतो का? मग फायदा चहाचा का त्या सगळ्याचा हे वेगळं काढायचं कसं? आकडेमोड करून काढतात थोडंफार, पण पूर्ण निघत नाही. उलटंही होतं, आजारी पडायला लागलेल्या माणसाला चहा नकोसा होतो, तो पिणं कमी करतो, नंतर निदान होतं, आणि कागदावर दिसतं की "कमी पिणाऱ्यांना कॅन्सर जास्त".

अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज आला होता की पाकिटावर कॅन्सरबद्दल लिहू द्या. एफडीएने कागदपत्रं बघून २००५ साली उत्तर दिलं, ग्रीन टीने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका कमी होत असण्याची शक्यता फारच कमी आहे. सरकारी भाषेत यापेक्षा स्पष्ट सहसा कुणी बोलत नाही.

आता तुमचं. पाच कप सुरू ठेवा किंवा दोनवर या, तुमची मर्जी. पण पत्रात तुम्ही तीन वर्षांत मॅमोग्राफी केली का, याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही आणि मला काळजी त्याची वाटली. आईला पाळी जायच्या आधीच्या वयात झाला असेल तर मुलीची तपासणी नेहमीच्या वयाच्या आधी सुरू करतात, बरेच डॉक्टर आईच्या निदानाच्या वयातून १० वर्षं वजा करून सांगतात. त्या हिशोबाने तुमची ३८व्या वर्षीच सुरू व्हायला हवी होती. शिवाय जनुकांची तपासणी हवी का, तेही एकदा विचारून घ्या. या महिन्यात जा, पुढच्या नको.

प्रश्न : तुम्ही म्हणता फायदा सिद्ध नाही, पण प्रयोगशाळेत ग्रीन टीने कॅन्सरच्या पेशी मेल्या असं शेकडो शोधनिबंधांत आहे. मी स्वतः बायोटेक शिकतो. ते सगळे खोटे का?

उत्तर : खोटे अजिबात नाहीत. पेशी मेल्याच. प्रश्न आहे कितीने मेल्या.

बायोटेकवाले आहात म्हणून जरा आकड्यांत बोलू. प्लेटमधल्या पेशींवर ईजीसीजी टाकतात ते बहुतेक वेळा १० ते १०० मायक्रोमोलर (द्रावणात द्रव्य किती आहे ते मोजायचं एकक). आणि माणूस दोन कप ग्रीन टी प्यायला तर त्याच्या रक्तात ते जास्तीत जास्त किती चढतं? १ मायक्रोमोलरच्याही खाली, आणि काही तासांत उतरतंसुद्धा. कारण आतड्यातून ते फारसं शोषलंच जात नाही, जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि लिव्हर लगेच शेपट्या जोडून बाहेर जायच्या लायनीत उभं करतात. शरीराच्या दृष्टीने तो पाहुणा आहे, चहापाणी झालं की निघायचं. तेव्हा प्लेटमध्ये जे होतं ते रक्तात होण्यासाठी जेवढं प्यावं लागेल तेवढं पिणं शक्य नाही आणि गोळीतून घ्यायला गेलं तर काय होतं ते पुढच्या प्रश्नात येईलच.

अजून एक गंमत, जी तुमच्या सरांनी सांगितली नसेल तर मी सांगते. ईजीसीजी हे द्रव्य पेशी वाढवायच्या द्रावणात टिकत नाही, ते आपोआप ऑक्सिडाइज होतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेरॉक्साइडने पेशी मरणारच! म्हणजे काही प्रयोगांत चहाने मारलं का पेरॉक्साइडने, हेच धड कळत नाही. चांगल्या लॅब त्यासाठी कॅटालेज एन्झाइम घालून पेरॉक्साइड काढून टाकतात आणि मग बघतात. पुढचा पेपर वाचाल तेव्हा पद्धतीच्या भागात कॅटालेज हा शब्द शोधा, नसला तर निष्कर्ष जरा शंकेनेच घ्या.

आता एक जागा अशी आहे जिथे या द्रव्याने खरंच काम केलंय, आणि ती वर सांगितलेल्या मुद्द्यालाच पुष्टी देते. ग्रीन टीच्या कॅटेचिनपासून केलेलं एक मलम एफडीएने २००६ साली मंजूर केलं, जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी, ज्या एचपीव्ही विषाणूने होतात. मलम थेट जागेवर लावतात, त्यामुळे तिथे हवं तेवढं द्रव्य पोचतं, रक्तातून फिरून यावं लागत नाही. पण हे चामखिळीचं औषध आहे, ज्या एचपीव्ही प्रकारांनी या चामखिळी होतात ते बहुतेक वेळा कॅन्सर करणारे प्रकार नसतातच, त्यामुळे यावरून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल काही अनुमान काढू नका. त्यासाठी लस आहे.

प्रश्न : माझं वय ६३. प्रोस्टेटच्या बायोप्सीत कॅन्सर नाही आला पण "हाय ग्रेड पिन" असं काहीतरी आलं. मुलाने बाहेरून ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूल पाठवल्यात, म्हणतो इटलीत यावर संशोधन झालंय, ९०% लोकांना फायदा झाला. रोज दोन घेतोय, सकाळी उपाशीपोटी. चालू ठेवू का?

उत्तर : काका, आधी एक गोष्ट आजपासूनच, उपाशीपोटी घेऊ नका. खरं तर तुमच्या डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत घेऊच नका. कारण सांगते.

मुलाने सांगितलेला इटलीचा अभ्यास खरा आहे, २००६ सालचा. पण तो किती मोठा होता? ६० माणसं. ज्यांच्या बायोप्सीत तुमच्यासारखंच पिन (म्हणजे कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकेल असे पेशींतले बदल) आलं होतं अशा ६० पुरुषांपैकी ३० जणांना रोज ६०० मिलीग्रॅम कॅटेचिन दिलं, ३० जणांना बनावट गोळी. वर्षभराने पहिल्या गटात एकाला कॅन्सर निघाला, दुसऱ्यात नऊ जणांना. बघायला जबरदस्त वाटतं, मीही तेव्हा वाचून खूश झाले होते, कबूल करते. पण ३०-३०च्या गटात नशिबाचा खेळ फार चालतो. मग २०१५मध्ये अमेरिकेत ९७ जणांवर जवळपास तसाच प्रयोग झाला, रोज ४०० मिलीग्रॅम ईजीसीजी, वर्षभर, आणि कॅन्सर होण्याच्या प्रमाणात ठोस म्हणावा असा फरक आला नाही. पहिल्या प्रयोगाच्या बातम्या झाल्या, दुसऱ्याच्या झाल्या नाहीत, आणि मुलापर्यंत फक्त पहिला पोचला. त्याची चूक नाही.

आता लिव्हरचं. मिनेसोटात पाळी गेलेल्या १,०७५ बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, ज्यांच्या स्तनांची घनता मॅमोग्राफीत जास्त दिसत होती अशा. रोज ८४३ मिलीग्रॅम ईजीसीजी, १२ महिने. एकंदरीत घनता काही बदलली नाही (पन्नाशीच्या सुरुवातीच्या बायकांत थोडी कमी झाली, पण त्यावर इमारत उभी करण्याइतकं ते नाही). बदललं ते लिव्हर. अर्क घेणाऱ्यांत सुमारे ५% बायकांच्या लिव्हरच्या चाचण्या बऱ्यापैकी बिघडल्या, बनावट गोळी घेणाऱ्यांत १ टक्क्याहून कमी. गोळी थांबवली की बहुतेकींचं ताळ्यावर आलं. पण सगळ्यांचंच येतं असं नाही, अशा अर्कांमुळे लिव्हर पार निकामी झाल्याच्या केसेस जगभरात नोंदलेल्या आहेत, आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, एका विशिष्ट एचएलए जनुकप्रकाराच्या लोकांत जास्त दिसतं एवढं कळलंय.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये हे सगळं तपासलं. त्यांचं म्हणणं, नेहमीसारखा पाण्यात करून प्यायलेला ग्रीन टी साधारण सुरक्षित, पण गोळीतून रोज ८०० मिलीग्रॅम ईजीसीजी किंवा जास्त गेलं तर लिव्हरची एन्झाइम वाढतात. त्यानंतर २०२२मध्ये युरोपियन युनियनने नियमच केला, एका दिवसाच्या डोसमध्ये ८०० मिलीग्रॅमच्या खालीच ठेवा आणि उपाशीपोटी घेऊ नका असं डबीवर छापा.

आता तुमची डबी हातात घ्या आणि चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत "५०० मिलीग्रॅम" असेल, तो अर्क झाला, ईजीसीजी नाही. मागे कुठेतरी लिहिलेलं असेल की त्यात ईजीसीजी किती टक्के. समजा ४५% असेल तर एका कॅप्सूलमध्ये २२५ मिलीग्रॅम, दोनमध्ये ४५०. कपातल्या चहातून दिवसभरात साधारण ९० ते ३०० जातं, म्हणजे तुम्ही दोन घोटांत त्याच्या पुढे गेलात, तेही रिकाम्या पोटी, जेव्हा ते जास्त शोषलं जातं. आणि टक्केवारी छापलेलीच नसेल, नुसतं "प्रोप्रायटरी ब्लेंड" असेल, तर डबी सरळ बाजूला ठेवा. घरात कुणी वजन कमी करायच्या गोळ्या घेत असेल तर त्यांच्याही मागे बघा, त्यात हाच अर्क असतो बऱ्याचदा, आणि माणूस दोन्ही घेत राहतो.

लघवी गडद झाली, डोळे पिवळट वाटले, अंगाला खाज सुटली, जेवण नकोसं झालं, तर वाट न बघता लिव्हरची तपासणी करा आणि डॉक्टरांना कॅप्सूलबद्दल सांगा. सांगत नाहीत लोक! "हर्बल आहे" म्हणून औषधांच्या यादीत धरतच नाहीत, आणि डॉक्टर बिचारे कावीळ कशाने झाली ते शोधत बसतात.

पिनसाठी काय करायचं तर युरॉलॉजिस्ट सांगतील तेव्हा पीएसए ही रक्ताची तपासणी, गरज वाटली तर पुन्हा बायोप्सी. कंटाळवाणं आहे, मान्य.

प्रश्न : मिस्टरांना मल्टिपल मायलोमा (रक्तपेशींचा कॅन्सर) आहे, बोर्टेझोमिबची इंजेक्शनं सुरू आहेत. जाऊबाईंनी ग्रीन टीचा मोठा डबा आणून दिलाय, ताकद येईल म्हणून. देऊ का?

उत्तर : या औषधासोबत नको. हे मी सहसा इतक्या ठामपणे लिहीत नाही, पण इथे लिहिते.

बोर्टेझोमिबच्या रेणूत बोरॉन असलेला एक भाग असतो आणि त्याच भागाने ते कॅन्सरच्या पेशीत काम करतं. ईजीसीजी जाऊन नेमकं त्यालाच चिकटतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पेशींवर आणि उंदरांवर, ईजीसीजी दिल्यावर औषधाचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. संशोधक खरं तर शोधायला गेले होते की चहाने औषधाला मदत होते का, आणि निघालं उलटंच. नंतरच्या एका प्रयोगात कमी प्रमाणात एवढा अडथळा दिसला नाही, त्यामुळे एक कप प्यायले असतील तर घाबरून जाऊ नका, उपचार वाया गेले असं काही नाही. पण एवढं महागडं आणि त्रासदायक औषध घ्यायचं आणि त्याच्या वाटेत हौसेने दगड टाकायचा, कशाला? कॅप्सूल तर अजिबातच नाही. ऑन्कॉलॉजिस्टना पुढच्या वेळी विचारा आणि ते सांगतील तसं करा.

जाऊबाईंना वाईट वाटू देऊ नका, डबा तुम्ही प्या.

कॅन्सरशिवाय इतर औषधांवरचे जे प्रश्न आलेत त्यांनाही इथेच उत्तर देते. नॅडोलॉल नावाची बीपीची गोळी घेणाऱ्यांनी लक्ष द्या, एका छोट्या जपानी प्रयोगात रोज ७०० मिली ग्रीन टी प्यायल्यावर ती रक्तात पोचण्याचं प्रमाण तब्बल ८५ टक्क्यांनी घटलं होतं. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्यांनी कपादोन कपांवर ठेवा आणि अचानक वाढवू-घटवू नका. कॅन्सरची सुनिटिनिब ही गोळी घेणाऱ्यांनीही आधी विचारावं.

प्रश्न : मला चहा उकळता लागतो, जीभ भाजली नाही तर चहा प्यायल्यासारखं वाटत नाही. ग्रीन टी असेल तर चालेल ना, तो तर कॅन्सरच्या विरुद्ध आहे?

उत्तर : इथे तर गंमतच आहे, कॅन्सर टाळायला म्हणून प्यायचा आणि पिण्याच्या पद्धतीनेच धोका वाढवायचा!

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था, आयएआरसी, तिने २०१६मध्ये जाहीर केलं की ६५ अंश सेल्सियसच्या वर गरम असलेली पेयं बहुधा कॅन्सर करतात, अन्ननलिकेचा. कुठलंही पेय, दोष पानांचा नाही, आचेचा. इराणच्या गोलेस्तान भागात, जिथे अन्ननलिकेचा कॅन्सर पूर्वीपासून खूप आहे, ५० हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, आणि २०१९मध्ये त्याचे आकडे आले. दिवसाला ७०० मिलीपेक्षा जास्त आणि ६० अंशांच्या वर गरम चहा पिणाऱ्यांत, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत, धोका ९०% जास्त दिसला. तो काळा चहा होता पण नळीला काय फरक पडतो, भाजणं ते भाजणं, रोज भाजायचं, रोज भरून यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की पेशी कधीतरी चुकतात.

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर कपात घालून बसले, घरचे हसत होते. ८०च्या आसपास ओतलेला ग्रीन टी, झाकण न ठेवता, ६० अंशांपर्यंत यायला जवळजवळ दहा मिनिटं गेली. आणि सवयीने मी तर तिसऱ्या मिनिटालाच तोंडाला लावते असं तेव्हा लक्षात आलं. तेव्हा हे उत्तर मलाही लागू आहे.

नाहीतरी ग्रीन टीला उकळतं पाणी नकोच, ७० ते ८० अंश पुरतं आणि दोन-तीन मिनिटं पानं ठेवायची. जास्त उकळला की कडू होतो आणि मग लोक म्हणतात चव कशी पितात ही.

प्रश्न : मी रोज दहा-बारा सिगारेटी ओढतो. सोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. जपानी लोक सिगारेट ओढतात पण ग्रीन टीमुळे त्यांना लंग कॅन्सर कमी होतो असं ऐकलं. मग मी पण सुरू केलाय.

उत्तर : हे "जपानी" वाक्य मीसुद्धा खूप वेळा ऐकलंय. फुफ्फुसाच्या कॅन्सरबाबत ग्रीन टीचा जो काही थोडाफार फायदा काही अभ्यासांत दिसलाय, उदाहरणार्थ शांघायच्या बायकांमध्ये, तो सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये दिसलाय. ओढणाऱ्यांमध्ये दिसला नाही. म्हणजे तुम्ही ज्या आशेवर आहात ती बरोबर उलट्या माणसाला लागू पडते.

"सिगारेट ओढू, वर अँटिऑक्सिडंट घेऊ, हिशोब मिटला" हा विचार नवा नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांना घेऊन मोठा प्रयोग झाला होता, त्यातल्या काहींना रोज बीटा कॅरोटीन दिलं, जे गाजरात असतं, ज्याच्याबद्दल तेव्हा सगळ्यांना खात्री होती की फायदाच होणार. १९९४मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत लंग कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. कमी नाही, जास्त. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६मध्ये मधेच थांबवावा लागला. ग्रीन टीने असं होतं असं मी म्हणत नाही, पण "नैसर्गिक आहे, नुकसान तर होणार नाही" हे वाक्य त्या २९ हजार माणसांनंतर मला सहज बोलता येत नाही.

एकदा प्रयत्न फसला म्हणजे संपलं असं नसतं, बहुतेकांची सुटते ती चौथ्या-पाचव्या किंवा त्याहून नंतरच्या खेपेला. नुसत्या इच्छाशक्तीवर जाऊ नका, निकोटिनचे पॅच, च्युइंगम, डॉक्टरांनी लिहून द्यायच्या गोळ्या आहेत, त्या घेऊन केलेला प्रयत्न जास्त टिकतो. ग्रीन टी हातात कप धरायला काहीतरी हवं म्हणून जरूर प्या, त्याने खरंच मदत होते काहींना.

प्रश्न : दूध घातलं तर सगळं वाया जातं का? लिंबू पिळावं का? बाटलीतला आइस ग्रीन टी चालतो का? काळ्या चहात काहीच नसतं का?

उत्तर : पटापट सांगते. दुधातलं प्रोटीन कॅटेचिनला चिकटतं हे खरं, त्याने फायदा किती कमी होतो यावर प्रयोगांचं एकमत नाही. लिंबाने प्रयोगशाळेतल्या नकली पोटात कॅटेचिन जास्त टिकलं होतं, चव आवडत असेल तर पिळा. बाटलीतल्यात साखर किती ते आधी बघा, कॅटेचिन दुकानातल्या शेल्फवर पडून पडून कमी होत जातं, साखर मात्र होत नाही. काळा आणि हिरवा चहा एकाच झाडाचा, पानं तोडल्यावर लगेच वाफ किंवा कढईची आच दिली की आतलं एन्झाइम बंद पडतं आणि पान हिरवं राहतं, नाही दिली तर पान काळवंडतं आणि कॅटेचिनचं थिआफ्लॅविन वगैरे होतं. काळ्या चहात काहीच नसतं हे चूक, वेगळं असतं.

प्रश्न : सुनेला दिवस गेलेत, हिमोग्लोबिन ९ आहे, ती दिवसभर ग्रीन टी पिते. सांगितलं तर म्हणते हेल्दी आहे.

उत्तर : तिला माझं नाव सांगा. चहातली टॅनिन वनस्पतीजन्य लोह शोषू देत नाहीत, त्यामुळे जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर तर नकोच, आधी-नंतर तास-दीड तास सोडा. शिवाय एका कपात ३० ते ५० मिलीग्रॅम कॅफिन असतं आणि गरोदरपणात दिवसाचं सगळं मिळून २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, त्यात कॉफी, चॉकलेट सगळं आलं. फोलिक ॲसिडच्या शोषणातही चहा आडवा येऊ शकतो, म्हणून ती गोळीही चहासोबत नको. दिवसाला एक-दोन कप, जेवणापासून लांब, एवढंच. आणि हिमोग्लोबिन ९ म्हणजे चहाच्याही आधी डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे, दाखवलं असेलच म्हणा.

प्रश्न : मला ग्रीन टीची चव अजिबात आवडत नाही, गवताचं पाणी वाटतं. कॅन्सर होऊ नये म्हणून नाक दाबून रोज दोन कप पितो. किती वर्षं प्यावा लागेल?

उत्तर : आज संध्याकाळपासून बंद करा. उरलेलं पाकीट आवडणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका, हवाबंद डब्यात असेल तर वास उडालेला नसेल अजून.